दांडा कोणी धरायचा

गाडी पाच वाजता येणार होती. चार वाजून गेले तरी या घरातले दोन सख्खे भाऊ एकाच खोलीत, चार हातांच्या अंतरावर बसून सगळं काही वहिनीमार्फत बोलत होते.

"त्याला म्हणावं, ऑर्गनच्या नळ्या उतरवताना हातमोजे घाल. घामाचे डाग पडतात," दादा म्हणाला.

"दादाला सांगा वहिनी, नळ्या मी दहाव्या वर्षापासून उतरवतोय," धाकटा म्हणाला.

"मी काय टपालखातं आहे का?" वहिनी चहाचे कप मेजावर आदळत म्हणाली. "दोघांना कान आहेत. ज्यांना खरंच ऐकू येत नाही ते आप्पा बिचारे गप्प बसलेत."

आप्पा ऑर्गनला टेकून खुर्चीत बसले होते. उजवा तळहात ऑर्गनच्या लाकडावर होता. आयुष्यभर नळ्यांच्या तोंडाशी कान लावून सूर जुळवल्यामुळे आता त्यांना कोणी कानाशी ओरडलं तरच कळायचं. पण लाकडावर हात ठेवला की आत हवा कशी चालली आहे ते त्यांना बरोबर समजायचं, अगदी ऐकू येणाऱ्यांपेक्षा जास्त. आई जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढे दिवस त्यांचा हात त्या लाकडावरून निघाला नव्हता. आत हवा नसली तरी.

आप्पांचा ऑर्गनचा कारखाना म्हणजे ही घराची मागची मोठी खोली. आता इथे गोणपाटाखाली झाकलेली गोल करवत, भिंतीवर हत्यारांच्या रिकाम्या खुणा आणि मधोमध हा ऑर्गन, एवढंच उरलं होतं. आप्पा उद्यापासून दादाकडे राहायला जाणार होते. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिना एवढा अरुंद की कपाट चढवतानाच घाम फुटला होता. तेव्हा ऑर्गन गावातल्या एका शाळेला द्यायचा ठरला. शाळेचा माणूस मापं घ्यायला आला तेव्हा मोठ्या खुशीत सांगून गेला होता, की तिथे विजेचा पंखा बसवणार, आता भाता मारायला माणसाची गरज नाही. वहिनीला ती चांगली बातमी वाटली होती. दोघा भावांमधल्या बहिणीने, बबीने मात्र हातातली फळी खाली ठेवून त्याच्याकडे असं पाहिलं होतं, की तो माणूस चहा न घेताच गेला.

"जायच्या आधी एकदा वाजवा," आप्पा अचानक म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज असतो तसा मोठा, सपाट. "दोघं मिळून वाजवा. तिला बरं वाटेल."

तिला म्हणजे आईला.

वाजवायला कोणाचीच हरकत नव्हती. प्रश्न दांड्याचा होता. हा ऑर्गन एकट्याने वाजतच नाही. एकाने पुढे बसून पट्ट्या वाजवायच्या आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून दांडा खालीवर करत भात्यात हवा भरायची. दांड्याजवळ दोरीला शिशाचं एक वजन लोंबतं आणि त्याच्यामागे लाकडावर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत. वजन त्या दोन रेघांच्या मधे राहिलं की हवा सारखी. आप्पांनी मोडीत निघालेल्या ऑर्गनांचे भाग जमवून लग्नाच्या वर्षी तो बांधला, तेव्हाच घराचा एक कायदाही बांधला होता. आप्पांच्या तोंडून 'चुकलं माझं' हे शब्द कधी निघायचे नाहीत, दाढ काढल्यासारखं व्हायचं त्यांना. म्हणून भांडण झालं की ज्याचं चुकलं त्याने मुकाट्याने दांडा धरायचा आणि जो दुखावला त्याने वाजवायचं. वाजवून संपलं की भांडण संपलं. आप्पांनी आईसाठी किती वेळा दांडा धरला असेल त्याला गणती नाही. मुलंही तेच शिकली. या घरात कोणी कोणाची माफी मागितलेली वहिनीने चोवीस वर्षांत ऐकली नव्हती.

"मी दांडा धरणार नाही," दादा वहिनीला म्हणाला, म्हणजे धाकट्याला. "कारखाना सोडून कोण गेलं? विजेवर वाजणाऱ्या पेट्या विकायला कोण गेलं?"

"आणि 'आम्हाला तू मेलास' असं कोण म्हणालं?" धाकटा म्हणाला. "नऊ वर्षं मेलेला माणूस भाता कसा मारणार, विचारा त्यांना."

बोलताना आपल्याला हसू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. नऊ वर्षांपूर्वी तो बॅग भरत होता तेव्हा आई याच दारात उभी राहून म्हणत होती, 'अरे, जा ना कोणीतरी भात्यावर.' तो हलला नाही, दादाही हलला नाही. शेवटी ताई गेली. काही संबंध नसताना तिने दांडा धरला, आई रडत वाजवत बसली, आणि ते सूर कानावर घेत तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पुढे आईचं दुखणं विकोपाला गेल्याचा फोन आला तेव्हाच परतला. गेले तीन आठवडे त्याला राहून राहून वाटत होतं, की त्या दिवशी दहा मिनिटं दांडा धरला असता तर काय बिघडलं असतं. पण हे दादासमोर कबूल करायचं म्हणजे नाक घासणंच झालं असतं.

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. दादानेही त्याच वेळी तिकडेच पाहिलं. नऊ वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

"ताई आहे ना," धाकटा म्हणाला.

"हो. बबीला बोलव," दादा सरळ त्याच्याशीच बोलला.

*

बबी ओट्याशी पातेली पुसून खोक्यात भरत होती. डाव्या हाताची करंगळी मुळापासून नाही, तिच्या शेजारचं बोट अर्धं. पण पातेलं धरायला तीन बोटं पुरतात. दांडा धरायला तर पुरून उरतात.

"बबी, जा ना गं," वहिनी आत येऊन म्हणाली. "दांडा धर आणि मिटव एकदाचं. दोघं आळीपाळीने वाजवतील. जरा बोलायला तरी लागलेत."

"मी काय केलंय?"

"कोण म्हणतंय तू केलंयस? पण तुला येतं चांगलं. तुझ्यासारखी हवा कोणालाच धरता येत नाही, आप्पाच म्हणतात."

हे खरं होतं. एकतीस वर्षांत ते वजन बबीच्या हाताखाली कधी रेघेबाहेर गेलं नव्हतं. वाजवणाऱ्याचं सगळे कौतुक करायचे आणि मग कोणीतरी म्हणायचं, 'हवा काय छान होती!' तिला मिळालेली दाद ती एवढीच.

त्याआधी ती वाजवायची. वहिनी लग्न होऊन आली त्याच्या सात वर्षं आधीची गोष्ट. भावांपेक्षा, आईपेक्षाही चांगलं वाजवायची. संगीताच्या शाळेत तिची निवड झाली होती, जायला आठ दिवस होते. एका पट्टीखाली घालायला पातळ फळी हवी होती म्हणून ती एकटीच करवतीवर गेली. पात्यावरचं झाकण तिथे नव्हतं. पुढचं तिला आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा सगळ्यांचं ठरलेलं होतं, की झाकण तिनेच काढलं, पोरगी धांदरट आहे. दहा जणांनी सांगितल्यावर तिलाही ते पटलं. दवाखान्यातून घरी आली त्या संध्याकाळी आईचे डोळे सुजलेले होते आणि आप्पा कोणाशी बोलत नव्हते. सगळ्यांना घोर लावल्याबद्दल बबीने पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून उजव्या हाताने दांडा धरला. दादाने वाजवलं. त्या दिवसापासून दांडा तिचा झाला.

आईच्या दुखण्यात त्याचा उपयोग झाला, हेही खरं. शेवटच्या वर्षी गोळ्या पुरेनाशा झाल्या की आई म्हणायची, 'चल, बोटांतून काढू जरा.' बबी दांडा धरायची आणि आई वाजवायची, वाकडं तोंड करून, घामाने भिजून. तासाभराने चेहरा सैल पडायचा. डॉक्टरांना जमलं नाही ते त्या दोघींनी कितीतरी दुपारी केलं होतं. बबीला त्या दुपारी आवडायच्या. आईच्या वेदनेत आपल्याला आवडण्यासारखं काही असावं याची तिला लाजही वाटायची.

आणि मग जाण्याच्या चार दिवस आधी आई भिंतीला धरत कारखान्यात आली आणि वाजवायच्या स्टुलावर न बसता दांड्याशी जाऊन उभी राहिली.

'तू वाजव,' म्हणाली.

'मी काय वाजवणार, आई? चल, पड तू.'

'वाजव म्हणते ना. दांडा मी धरते.' तिने दोन्ही हातांनी जोर लावला. दांडा तसूभर हलला नाही. तेव्हा मग तिला बोलावं लागलं. 'झाकण थोरल्याने काढलं होतं. जाड लाकूड कापायला. त्याच्या बाकाखाली सापडलं मला. तुझे आप्पा दवाखान्यातून यायच्या आत मी ते परत बसवलं. बोलले असते तर त्यांनी त्याला घराबाहेर काढलं असतं. एक तर तुझा हात गेलेला, त्यात मुलगाही...' तिला धाप लागली होती. 'वाजव ना गं.'

बबीने तिला उचलून खाटेवर नेऊन निजवलं. वाजवलं नाही. चार दिवसांत आईने तीनदा दांड्याकडे बोट केलं आणि तीनदा बबीने तिचं पांघरूण सारखं केलं. याला शिक्षा म्हणायचं का, हे तिचं तिलाही ठरवता आलं नव्हतं. फक्त आता ते बोट रोज रात्री डोळ्यांसमोर यायचं.

"बबी, ऐकतेयस ना?" वहिनी म्हणाली. "पाचला गाडी येईल. नंतर तो दांडाच राहणार नाही."

"तेच म्हणतेय मी," बबी म्हणाली. तिने हात पुसले आणि फडकं खोक्यात टाकलं.

*

ती कारखान्यात आली तेव्हा धाकट्याने दांड्याजवळची जागा मोकळी केली. बबी तिथे गेली नाही. ती स्टुलावर जाऊन बसली.

"दादा," ती म्हणाली, "तू दांडा धर. वाजवणार मी आहे."

धाकट्याला गंमत वाटली. "वा, ताई! बरोबर आहे. धर म्हणावं."

"कशाबद्दल?" दादा म्हणाला.

"झाकणाबद्दल."

दादाने वहिनीकडे पाहिलं नाही, धाकट्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर सरळ करवतीवरच्या गोणपाटाकडे गेली. एवढंच वहिनीला पुरलं. चोवीस वर्षं एका माणसाबरोबर राहिलं की त्याची नजर वाचायला चष्मा लागत नाही.

"कसलं झाकण?" धाकट्याने विचारलं.

दादाला वाटलं होतं, हा दिवस येईल तेव्हा आपण नाही म्हणू. तशी तयारी त्याने एकतीस वर्षं केली होती. झाकण लाकडात अडकत होतं म्हणून त्याने ते काढलं, आणि अर्ध्या तासाचं काम आहे म्हणून तसंच ठेवून चहा प्यायला गेला. दवाखान्यात आप्पांनी विचारलं, झाकण कोणी काढलं? तो म्हणाला, तिनेच काढलं असेल. 'असेल' म्हणालो, 'काढलं' म्हणालो नाही, या एका शब्दाच्या आडोशाला तो आजवर जगला. दुसऱ्या दिवशी करवतीवर झाकण परत बसवलेलं दिसलं तेव्हा कोणाला तरी माहीत आहे हे त्याला कळलं होतं. कोणाला, ते विचारायची छाती झाली नाही. आणि कारखाना सोडून जाणाऱ्या धाकट्यावर तो जेवढा चिडला त्यातला निम्मा राग खरं तर हेव्याचा होता. ही करवत रोज पाहायची नाही, असं त्या पोराला सहज ठरवता आलं होतं.

"मी हिला माझं बाळ घेऊ दिलं नव्हतं," वहिनी एकदम म्हणाली. आवाज चिरका झाला होता. "आठवतंय का तुम्हाला? तुम्हीच म्हणाला होतात, ती धांदरट आहे, पाडेल. सहा महिने हिच्या हातात बाळ दिलं नाही मी. आणि ही दारात उभी राहून बघायची."

"अगं, मी..."

"माझ्याशी बोलू नका. दांडा धरा."

"दादा?" धाकटा म्हणाला. त्या एका हाकेत त्याला सगळं कळल्याचं ऐकू येत होतं. नऊ वर्षांनी त्याने दादाला तोंडावर हाक मारली, ती अशी.

दादा उठला. दांडा धरला आणि खाली ओढला.

त्याला ते जमत नव्हतं. जमणार कसं, त्याने आयुष्यात चारपाच वेळाच धरला असेल. वजन सर्रकन वरच्या रेघेपार जायचं, मग धपकन खाली यायचं. बबीने पट्ट्यांवर बोटं ठेवली. आई दुखण्यात वाजवायची तीच चाल तिने घेतली. एकतीस वर्षं ती रोज मनात वाजवली होती आणि मनात कधी चुकली नव्हती. बोटांना मात्र ओळख लागेना. उजवा हात शाळकरी मुलीसारखा चाचपडला. डाव्या हातात जिथे खालचा सूर यायला हवा तिथे नुसती भोकं पडत होती, कारण तो सूर वाजवणारं बोट नव्हतं. त्यात दादाची हवा. सूर मधेच फुगायचे, मधेच खचायचे. वाईट वाजत होतं, फार वाईट. आपल्याला रडू येईल असं बबीला वाटलं होतं, पण तिला राग आला. नुसत्या बोटांचा नव्हे. हे असं वाजणार हे आईला माहीत असणार आणि तरी ती दांडा धरून उभी राहिली होती, याचा. तोच राग धरून ती वाजवत राहिली. धाकटा डोळे पुसत होता.

आप्पांच्या तळहाताखाली लाकूड थरथरलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हवा धड येत नाहीये," ते म्हणाले. "दांड्यावर कोण आहे?"

"दादा!" धाकटा त्यांच्या कानाशी ओरडला.

"त्याला काय येतंय! बबीला धरायला सांगा."

"बबी वाजवतेय, आप्पा!"

"कोण?"

"बबी! वाजवतेय!"

आप्पांनी मान वळवून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "तिला कुठे वाजवता येतं?" ते म्हणाले. मग काहीतरी अंधुक आठवल्यासारखं करून म्हणाले, "यायचं एकेकाळी. झाकण काढलं नसतं तर..."

"झाकण मी काढलं होतं, आप्पा!" दादा ओरडला. दांडा सोडता येत नव्हता, म्हणून दांड्यावरूनच ओरडला.

"काय म्हणतोय?"

कोणी मधे पडलं नाही. वहिनीने तोंड फिरवलं. आत्तापर्यंत आप्पांच्या कानाशी ओरडणाऱ्या धाकट्याने हाताची घडी घातली.

"करवतीचं झाकण! मी काढलं! बबीने नाही!"

"कोणी?"

"मी! मी, आप्पा!" त्याचा आवाज फाटला. एकतीस वर्षं एकदाही न म्हटलेली गोष्ट त्याला तीनदा म्हणावी लागली, तीही गळ्याच्या शिरा ताणून. गाडीचे हमाल दोर घेऊन दारात येऊन उभे होते. त्यांनीही ती ऐकली.

आप्पांनी लाकडावरचा हात काढला. बबी थांबली. भात्यातली उरलेली हवा आपोआप निघून गेली आणि शिशाचं वजन रेघांच्या बाहेर जाऊन स्थिर झालं.

आप्पा थोरल्याकडे वळले. मग त्यांनी बबीकडे पाहिलं, तिच्या डाव्या हाताकडे. ते काहीतरी बोलतील म्हणून बबी वाट पाहत होती. एक शब्द. या माणसाला शब्द येत नाहीत हे माहीत असूनही वाट पाहत होती.

"तुझ्या आईला माहीत होतं का हे?" आप्पांनी विचारलं. "तिला सांगितलं होतं का कोणी? तिला माहीत होतं?"

दादाने दांड्यावरची मूठ आवळली. झाकण परत कोणी बसवलं, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याने बबीकडे पाहिलं. बबीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला आईचं ते बोट दिसत होतं, पांघरुणातून दांड्याकडे केलेलं.

"नाही, आप्पा," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मान जोराने, दोनदा हलवली, आणि ओरडून सांगितलं, "आईला काही माहीत नव्हतं!"

म्हणता म्हणता तिला जाणवलं, की स्टुलावर बसूनही आपण पुन्हा दांडाच धरला आहे. या वेळी आईसाठी.

आप्पांचा चेहरा सैल पडला. त्यांनी श्वास सोडला आणि हात परत लाकडावर ठेवला.

"वाजव मग," ते म्हणाले. "बंद का केलंस?"

हमालांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. वहिनीने त्याला हाताने थांब म्हटलं. बबीने चाल पहिल्यापासून घेतली आणि दादाने दांडा खाली ओढला. हवा अजून खालीवर होतच होती.